आधी भरणा, मग भांडण

महानगरपालिकेचे घरपट्टीचे बिल हाती पडले आणि त्यातील आकारणी मान्य नसली, की आपल्यापैकी पुष्कळांचा पवित्रा ठरलेला असतो : निकाल लागेपर्यंत एक पैसाही भरायचा नाही. डॉक्टर मंडळींच्या गप्पांत ही भूमिका मोठ्या अभिमानाने मांडली जाते. माझे मत याच्या उलट आहे. आकारणी चुकीची वाटत असेल तर अवश्य भांडावे. परंतु भरणा थांबवून भांडू नये.

प्रथम कायदा काय म्हणतो ते पाहू. बडोद्यास लागू असलेला महानगरपालिका अधिनियम मूळचा मुंबई प्रांताचा, १९४९ सालचा. त्याच वर्षी बडोदे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि १९६० साली राज्ये वेगळी झाल्यावरही हा कायदा आपापल्या दुरुस्त्यांसह दोन्हीकडे राहिला. त्याच्या कलम ४०६ अन्वये आकारणीविरुद्ध आधी आयुक्तांकडे तक्रार करावी लागते. तिचा निकाल प्रतिकूल गेला तर पंधरा दिवसांच्या आत न्यायाधीशांकडे अपील करता येते. मात्र बिल बजावले गेले असेल, तर मागणीची रक्कम जमा केल्याखेरीज ते अपील ऐकलेच जात नाही. अर्जदारास फार हाल सोसावे लागतील असे वाटल्यास गुजरातेत न्यायाधीश सूट देऊ शकतात, पण तीही २५ टक्क्यांपर्यंतच. ही अट घटनाविरोधी आहे असा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे १९७५ साली अनंत मिल्सच्या खटल्यात आणि १९९९ साली गुजरात ॲग्रो इंडस्ट्रीजच्या खटल्यात झाला. दोन्ही वेळा अट वैध ठरली. अपिलाचा हक्क कायद्यानेच दिलेला असल्याने त्याला अट घालण्याचा अधिकारही कायद्याला आहे, हे त्यामागील सूत्र. तेव्हा भरणा थांबविणारा मनुष्य लढत नसतो. लढण्याचे दारच तो आपल्या हाताने लावून घेतो. वर थकबाकीचे व्याज आणि जप्तीचे भय असतेच.

भरणा म्हणजे आकारणीची कबुली, हा गैरसमजही दूर व्हावयास हवा. हक्क अबाधित ठेवून रक्कम भरत असल्याचे पत्र द्यावे, त्याची पोच घ्यावी आणि लढ्यास लागावे. आज आपल्याकडील कर चटईक्षेत्रावर बसतो. त्यात जागेचे स्थान, इमारतीचे वय, वापराचा प्रकार आणि मालक राहतो की भाडेकरू, या गोष्टी धरल्या जातात. खालच्या मजल्यावर दवाखाना आणि वर बिऱ्हाड असणाऱ्या आपल्यासारख्यांच्या बाबतीत वाद बहुधा इथेच उद्भवतो. समजा, संपूर्ण इमारतच बिगर-निवासी धरली गेली, तर रागाच्या भाषणापेक्षा मोजमापाचा नकाशा, बांधकामाचा परवाना आणि मजलावार वापराचा तपशील अधिक उपयोगी पडेल. निदानावर शंका आली तर आपण रुग्णास दुसरे मत घेण्यास सांगतो. तोपर्यंत चालू औषध बंद कर असे सहसा सांगत नाही.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मला या प्रश्नाची आणखी एक बाजू दिसते. पावसाळ्यात कावीळ, विषमज्वर आणि जुलाबाची मुले येऊ लागली की नळाचे पाणी आणि गटार यांचे अंतर किती कमी आहे ते कळते. १९९४ साली सुरतेत प्लेगची साथ आली. पुढे तेच शहर स्वच्छतेसाठी नावाजले गेले. तो बदल औषधाच्या बाटलीने घडला नव्हता. सफाई, गटारे आणि कडक नगरप्रशासन यांनी घडला. अशा कामांना लागणाऱ्या पैशाचा एक मोठा भाग घरपट्टीतून येतो. मोजणीचा वाद माझ्या दवाखान्याचा असेल, पण गटार साऱ्या गल्लीचे असते.

तथापि या अटीचा जाच सर्वांना सारखा नसतो, हेही मान्य केले पाहिजे. आपण रक्कम भरून वाट पाहू शकतो. दांडिया बाजारातील जुन्या घरात पेन्शनवर राहणाऱ्या विधवेस पाऊण रक्कम आधी भरणे म्हणजे कदाचित न्यायच नाकारला जाणे होय. म्हणून माझ्या तीन अपेक्षा आहेत. स्वतः राहत असलेल्या घरापुरती वृद्धांना याहून अधिक सूट देण्याची मुभा न्यायाधीशांना असावी. अपिलांचा निकाल ठराविक मुदतीत लागावा. आणि नागरिक जिंकल्यास जादा रक्कम, थकबाकीवर आकारतात त्याच दराच्या व्याजासह, मागणी न करता परत मिळावी. आधी पैसे घेणाऱ्याने परत देतानाही तीच तत्परता दाखवावी, एवढेच हे मागणे आहे.

हे मागण्याचे नैतिक बळ मात्र ज्यांची पावती फाटलेली आहे त्यांच्याकडेच असते. ज्यांना परवडते त्यांनी भरून भांडावे; म्हणजे ज्यांना परवडत नाही त्यांच्या बाजूने त्यांना ताठ मानेने बोलता येईल.