अक्षय म्हणवणाऱ्या साठ्यांचा हिशेब

शाळेच्या भूगोलात नैसर्गिक संसाधनांचे दोन कप्पे शिकवले जातात. कोळसा, खनिज तेल, लोहखनिज एकदा संपले की संपले. पाणी, जंगल, मासे, वारा, ऊन मात्र पुन्हा पुन्हा मिळणारे. परीक्षेपुरते हे ठीक आहे. धोरण आखताना ही विभागणी दगा देते, कारण दुसऱ्या कप्प्यात ऊन आणि सुरमई शेजारी शेजारी बसवलेली आहेत. ऊन कितीही वापरले तरी उद्याच्या उन्हात घट होत नाही. मासे, भूजल, बांबू यांचे तसे नाही. ती भरून येतात, पण आपल्या गतीने. उपसा त्या गतीपुढे गेला की नवीकरणीय साठाही खाणीसारखाच रिता होतो.

याचा सर्वांत महागडा धडा कॅनडाच्या न्यूफाउंडलंड किनाऱ्याने दिला. १४९७ मध्ये जॉन कॅबट तिकडे पोहोचला, तेव्हा पाण्यात नुसती टोपली सोडली तरी मासे भरून येतात, अशी वर्णने युरोपात पसरली. पुढची साडेचारशे वर्षे तेथील कॉड मासा लहान होड्यांनी धरला आणि तो टिकला. १९५० च्या दशकात जहाजावरच मासे गोठवणारे मोठे ट्रॉलर आले. १९६८ मध्ये या पट्ट्यातली कॉडची पकड आठ लाख टनांच्या घरात गेली आणि मग घसरू लागली. कॅनडाने १९७७ मध्ये २०० सागरी मैलांचा हक्क सांगून परकी जहाजे बरीचशी दूर सारली. दोष परक्यांचा, अशी समजूत होती. त्यांची जागा मग देशी ट्रॉलरांनी घेतली.

खरी चूक मोजणीत होती. साठ्याचा अंदाज बांधताना ट्रॉलरांना मासा किती सहज मिळतो, यावर बराच भर दिला जाई. पण उरलेसुरले कॉड एकत्र गोळा होत होते आणि ते नेमके कुठे आहेत हे सांगणारी यंत्रे जहाजांवर आली होती. त्यामुळे समुद्र रिकामा होत असताना जाळी भरून येत राहिली. किनाऱ्यालगत मासेमारी करणारे कोळी १९८० च्या दशकात सांगत होते की मासा लहान आणि विरळ झाला आहे. कागदावरच्या आकड्यांपुढे त्यांचे कोण ऐकणार? २ जुलै १९९२ रोजी मत्स्यव्यवसाय मंत्री जॉन क्रॉस्बी यांनी बंदी जाहीर केली आणि सुमारे तीस हजार लोकांचा रोजगार गेला. ती बंदी दोन वर्षांची म्हणून सांगितली गेली होती. ती उठायला २०२४ उजाडले. तेव्हाही परवानगी मिळाली ती १८ हजार टनांची.

हाच मासा नॉर्वे आणि रशिया यांच्यामधल्या बॅरेंट्स समुद्रातही आहे. तिथे १९७० च्या दशकापासून दोन्ही देशांचा संयुक्त आयोग दरवर्षीची मर्यादा ठरवतो. शीतयुद्धातही हे काम थांबले नाही. १९८० च्या दशकाअखेरीस तिथलाही साठा खालावला, तेव्हा मर्यादा कठोरपणे कापली गेली. २०१३ मध्ये ती दहा लाख टनांपर्यंत वाढवता आली. अलीकडे साठा पुन्हा घटला, तर २०२५ साठी ती ३ लाख ४० हजार टनांवर आणली गेली. मच्छीमार कुरकुरले, हे उघड आहे. पण मर्यादा वरखाली होत राहणे हाच तिथल्या व्यवस्थेचा जिवंतपणा आहे. याच नॉर्वेने तेलाचे उत्पन्न १९९० च्या कायद्याने एका राखीव निधीत वळवले आणि त्यातून साधारण परताव्याएवढीच रक्कम खर्चायची असा दंडक घातला. संपणाऱ्या तेलातून न संपणारे उत्पन्न उभे राहिले. ते तेल जगाने जाळलेच आणि त्याचा धूर हवेत गेलाच, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत तीव्र आहे तो भूजलात. जगात सर्वाधिक भूजल उपसणारा देश भारत आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. बोअर जितकी खोल, तितके पाणी जुने आणि भरून यायला अवघड. शेजाऱ्याची बोअर दोनशे फुटांची म्हणून आपली तीनशेची, या चढाओढीत सगळ्यांचीच कर्जे वाढतात. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने ही चढाओढ थांबवली. सरपंच पोपटराव पवारांच्या पुढाकाराने तिथे पाणलोटाची कामे झाली, ती इतर गावांतही झाली आहेत. वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. पाऊस मोजायचा, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडायचा आणि त्यावरून पिके ठरवायची. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. गावोगावी बंधाऱ्यांची उद्घाटने उत्साहाने होतात. उपशावर मर्यादा घालायची सभा मात्र कोणी बोलावत नाही.

अशी मर्यादा वरून लादावी की गावाने घालावी? एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते याच प्रश्नावरच्या कामासाठी. सामायिक साठा एक तर सरकारच्या नाही तर खासगी मालकाच्या ताब्यात द्यावा, या समजाला त्यांनी स्वित्झर्लंडमधल्या कुरणांपासून स्पेनमधल्या पाटांपर्यंतचे दाखले देऊन छेद दिला. हद्द स्पष्ट असेल, नियम वापरणाऱ्यांनी केले असतील आणि देखरेख त्यांचीच असेल, तर लोक साठा टिकवतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने बांबूच्या बाबतीत हे करून दाखवले आहे.

समुद्राला मात्र गावची शीव नसते, तिथे शासनाला हजर राहावेच लागते. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालण्याची कोळ्यांची रीत माशांच्या विणीच्या काळाला धरूनच होती. आज १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी बंदी आहे, माशांचा थवा वेढणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर २०१६ पासून निर्बंध आहेत, प्रखर दिवे लावून मासे गोळा करण्यास मनाई आहे, आणि पापलेटसह अनेक माशांचा किमान आकारही ठरवून दिला आहे. कायद्याची उणीव नाही. तरीही रात्री समुद्रात दिव्यांचा झगमगाट दिसल्याच्या तक्रारी पारंपरिक मच्छीमार करत राहतात. पापलेटला राज्यमासा घोषित करणाऱ्या सरकारने प्रत्येक बंदरावर उतरणाऱ्या माशांची आकारासह नोंद ठेवावी, ती दरमहा जाहीर करावी आणि मर्यादा ठरवणाऱ्या समितीत लहान होडीवाल्यांना मताचा अधिकार द्यावा.