‘हलाल सफारी’वाल्या माझ्या भावाला

मागच्या महिन्यात एका रविवारी माझा मावसभाऊ मानखुर्दच्या आमच्या घरी आला. मंडाळ्यात भंगाराच्या एका गाळ्यापासून त्याने सुरुवात केली होती. आज नवी मुंबईत त्याची गोदामे आहेत. मेहनतीचा पैसा आहे, आणि घरातल्या सगळ्यांना त्याचा अभिमान आहे, मलाही. चहा झाल्यावर त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारले, “भाईजान, तुम्ही शिकलेले. सांगा, नामिबिया की साउथ आफ्रिका?”

मला वाटले, मुलांना घेऊन फिरायला निघालाय. मोबाइलमध्ये पाहिले तर ती किमतींची यादी होती. प्रत्येक जनावराचा फोटो आणि फोटोखाली डॉलरमध्ये भाव. इम्पाला, कुडू, झेब्रा, रानरेडा. सिंहापुढे आकडा नव्हता, ‘चौकशी करा’ एवढेच लिहिले होते. आणि सगळ्यात वर, हिरव्या अक्षरांत: ‘हलाल सफारी’. नमाजची सोय, मुसलमान वाटाड्या, जनावर पडताच जबीहा करणारा माणूस सोबत.

तो गंभीरपणे विचारत होता. विमान कुठे स्वस्त, बंदूक कुठे भाड्याने मिळते, सिंह कुठे लवकर मिळतो, याचा अभ्यास करून आला होता. पाकिस्तानात मारखोरची शिकार म्हणे सगळ्यात मानाची, पण “आपल्या पासपोर्टवर तिथे कोण बंदूक देणार” म्हणून तो हसलासुद्धा. मी त्या दिवशी त्याला उत्तर दिले नाही. आज देतो. इथे देतो, कारण तो एकटा नाही. शादीच्या दावतीत, जुम्यानंतरच्या गप्पांत हा नवा शौक आता माझ्या कानावर येऊ लागला आहे.

आधी कायद्याचे. आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. म्हणजे जे कृत्य ताडोबात केले तर तुरुंग, तेच दुसऱ्याच्या देशात जाऊन पैसे मोजून केले की शौक. मावसभाऊ म्हणतो, तिथे कायदेशीर आहे. असेल. पण आपण मुसलमान आहोत. एखादी गोष्ट कायदेशीर आहे एवढ्यावर आपले भागत नाही. दारूसुद्धा परवाना काढून मिळते. आपल्याला आणखी एक प्रश्न विचारावा लागतो, आणि त्या पत्रकवाल्यांनी ‘हलाल’ हा शब्द छापून तोच प्रश्न गिळून टाकला आहे.

“शिकार हलाल आहे, कुरआनात आहे,” असे तो म्हणाला. बरोबर आहे. सूरह माइदाच्या सुरुवातीलाच शिकवलेल्या जनावराने पकडून आणलेली शिकार खायला परवानगी आहे. पण ती परवानगी खाण्यासाठी आहे, वाळवंटात आणि जंगलाकाठी राहणाऱ्या माणसाच्या पोटासाठी. आता यादीतला सिंह घ्या, बिबट्या घ्या. सुळ्यांनी फाडून खाणाऱ्या प्रत्येक श्वापदाचे मांस निषिद्ध असल्याची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्ही संग्रहांत आहे. कोकणातले आपले शाफई बांधव असोत की आपण हनफी, यावर दोन मते नाहीत. म्हणजे सिंह खाता येत नाही. मग त्याचे करायचे काय? कातडे दिवाणखान्यात पसरायचे? तर श्वापदांची कातडी वापरण्याचीही प्रेषितांनी (स.) मनाई केल्याच्या हदीसी अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्याकडे आहेत. खाता येत नाही, अंथरता येत नाही. जबीहा करणारा माणूस तिथे उभा राहून नेमके काय हलाल करणार आहे, हे मला कुणीतरी समजावून सांगावे.

कुडू आणि इम्पाला खाता येतात, हे मान्य. पण मावसभाऊ त्यांचे मांस मानखुर्दला आणणार नाही. मांस तिथेच राहते. शिकाऱ्याबरोबर येतात ती शिंगे, कवटी आणि फोटो. याला अन्नासाठी केलेली शिकार म्हणायचे असेल, तर शब्दांना काही अर्थच उरत नाही.

सहीह मुस्लिममधला एक प्रसंग आहे, तो मला या यादीपुढे सारखा आठवतो. हजरत इब्न उमर (र.) रस्त्याने जात असताना कुरैशांची काही तरुण मुले एक पक्षी बांधून त्याच्यावर तीर मारत होती. पक्ष्याच्या मालकाशी त्यांचा करार होता: जो तीर चुकेल तो मालकाचा. इब्न उमर दिसताच मुले पांगली. तेव्हा त्यांनी सांगितले की, जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य बनवणाऱ्यावर प्रेषितांनी (स.) लानत पाठवली आहे.

त्या प्रसंगात काय काय आहे पाहा. जनावर पळू शकत नाही. मारणारे श्रीमंत घरची पोरे आहेत. भूक कुणालाच नाही. आणि मालकाची कमाई आहे. दक्षिण आफ्रिकेत सिंह पिंजऱ्यात पैदा करतात, काही ठिकाणी छाव्यांना आईपासून तोडून पर्यटकांच्या मांडीवर खेळवतात, मोठे झाले की कुंपणाच्या आत सोडून परदेशी पाहुण्याला गोळी मारायला देतात. माणसाची सवय झालेला सिंह गाडी आली की पळतही नाही. ‘सिंह लवकर मिळतो’ याचा अर्थ हा आहे. तिथल्या सरकारलाही याची लाज वाटली, आणि हा धंदा बंद करण्याचे धोरण 2021 मध्ये जाहीर झाले. चौदाशे वर्षांपूर्वी जी पोरे इब्न उमरांना पाहून निदान पळाली, त्यांच्या जागी आपण उभे राहून फोटो काढणार आहोत.

माझा भाऊ दोन वर्षांपूर्वी उमऱ्याला जाऊन आला. एहराम बांधला की शिकार हराम होते, हे त्याला ठाऊक आहे. त्याच सूरह माइदामध्ये सांगितले आहे की शिकार हाताच्या आणि भाल्याच्या टप्प्यात आणून मोमिनांची परीक्षा घेतली जाईल, न पाहता अल्लाहला कोण भितो हे कळावे म्हणून. मक्केच्या हरममध्ये तर एहराम असो नसो, जनावर मारता येत नाही, हुसकावतासुद्धा येत नाही. आपण ज्याला आज अभयारण्य म्हणतो ती कल्पना आपल्या किब्ल्याभोवती आहे, आणि आपण दिवसातून पाच वेळा तिकडे तोंड करतो. एहराम उतरल्यावर शिकारीची मुभा परत मिळते, हे खरे. पण टप्प्यात आलेले जनावर सोडून देण्याचा जो धडा तिथे गिरवला, तो जेद्दाच्या विमानतळावर ठेवून यायचा असतो का?

त्याचा दुसरा मुद्दा खानदानी होता. “आपले बादशहा, नवाब शिकारी होते. आपल्या रक्तात आहे.” आधी रक्ताचे. आमचे आजोबा मराठवाड्यातून आलेले शेतमजूर. त्यांच्या रक्तात कसली नवाबी? पण बादशहाच हवा असेल तर जहांगीरचे ऐका. त्याने स्वतःच्या शिकारीचा हिशेब आपल्या आत्मचरित्रात मांडून ठेवला आहे. वयाच्या बाराव्या वर्षापासून पन्नाशीपर्यंत त्याच्या समोर 28,532 जनावरे मारली गेली, त्यांतली 17,167 त्याच्या स्वतःच्या हातची. याच जहांगीरने लाडका हरीण मेला तेव्हा त्याच्यासाठी मिनार बांधला, तो हिरण मिनार आजही शेखुपुऱ्याला उभा आहे. आणि नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याने नवस बोलला की यापुढे आपल्या हाताने कुठल्याही जिवाला इजा करणार नाही. पोराचा जीव वाचवायला काय द्यावे, हा प्रश्न पडल्यावर हिंदुस्तानच्या बादशहाला बंदूक खाली ठेवणे सुचले. वारसा घ्यायचाच तर हाही घ्या.

नवाब-राजांच्या शौकाची किंमत या देशाने मोजलेली आहे. कोल्हापूर, भावनगरसारखी संस्थाने शिकारीसाठी आफ्रिकेतून चित्ते आणवत होती. 1952 साली सरकारने जाहीर केले की भारतातला चित्ता संपला. 2022 च्या सप्टेंबरमध्ये आठ चित्ते विमानाने मध्य प्रदेशातल्या कुनोला आणावे लागले. कुठून? नामिबियातून. ज्या देशाकडे आपण जनावर मागायला गेलो, त्याच देशात माझा भाऊ जनावर मारायला निघाला आहे.

आता त्याचा तिसरा मुद्दा, आणि हा एकच मुद्दा वजनदार आहे. शिकाऱ्याच्या पैशातून जंगल जगते. मी हे उडवून लावणार नाही. पाकिस्तानात मारखोर या रानबोकडाच्या एका शिकारीच्या परवान्याला लाख डॉलरहून जास्त बोली लागते, त्यातले 80 टक्के डोंगरातल्या गावांना जातात. परवाने मोजकेच असतात. गावकऱ्यांनी चोरटी शिकार थांबवली, मारखोर वाढले. केनियात 1977 पासून शिकारीवर बंदी आहे आणि तरीही तिथली जनावरे घटली, हेही खरे. ज्या गावाच्या डोंगरावर मारखोर आहे, त्या गावाने असा हिशेब मांडला तर मानखुर्दला बसून त्यांना शहाणपण शिकवण्याचा मला हक्क नाही.

पण हा हिशेब गावाने मांडायचा आहे, पाहुण्याने नव्हे. आणि पाहुणे काय करतात ते टांझानियात दिसले. लोलिओंडोच्या कुरणांवर मसाई लोक पिढ्यान्‌पिढ्या गुरे चारत आले. 1992 पासून तिथे शिकारीचे हक्क आहेत दुबईच्या राजघराण्यासाठी काम करणाऱ्या एका कंपनीकडे. 2009 मध्ये मसाईंची घरे जाळून त्यांना हुसकावले गेले. जून 2022 मध्ये सुमारे 1,500 चौरस किलोमीटर जमिनीवर राखीव क्षेत्राचे खांब रोवायला पोलीस आले, मसाईंनी विरोध केला आणि गोळीबार झाला. एक पोलीस मेला, कित्येक मसाई जखमी होऊन सीमेपलीकडे केनियात पळाले. ज्यांच्या शिकारीसाठी हे चालले, तेही कलमाच पढतात.

भावा, मंडाळ्यातल्या माणसाला हे कळायला पाहिजे. 2004-05 च्या पाडापाडीत बुलडोझर आले तेव्हा तू तिथेच होतास. “उठा, इथे दुसरे काही होणार आहे,” हे वाक्य आपण ऐकलेले आहे. लल्लूभाई कंपाउंडच्या इमारतींत राहणारी कितीतरी माणसे दुसऱ्या कुठल्या तरी वाक्यावर आपली वस्ती सोडून इथे आली आहेत. आफ्रिकेतल्या प्रत्येक शिकारीमागे बुलडोझर असतो असे मी म्हणत नाही. पण तुझ्या यादीत जनावरांचे भाव आहेत. त्या जमिनीवर कोण राहत होते, याची ओळ नाही. ते तू विचारलेस का?

आणि जंगल जगवायचे असेल तर पैसे द्यावेत. ज्याला पैसे देण्याआधी एक गोळी झाडावीच लागते, तो दान करत नाही, खरेदी करतो.

शेवटचे आपल्या घरातले. देवनारचा कत्तलखाना आपल्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. दरवर्षी बकरी ईद आली की आपल्याला क्रूर ठरवणाऱ्यांचा पूर येतो. मी शाळेत शिकवतो. सहकारी शिक्षक, त्यातले काही खरेच चांगल्या मनाचे, मला विचारतात की तुम्हाला काही वाटत नाही का. मी सांगतो: वाटते, म्हणूनच नियम आहेत. सुरी धारदार हवी, एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही, अल्लाहचे नाव घेतल्याशिवाय जीव घ्यायचा नाही, कारण जीव त्याचा आहे. मांस गरिबाच्या ताटात जाते. आम्ही मजेसाठी मारत नाही. हे शेवटचे वाक्य माझ्या सगळ्या उत्तराचा पाया आहे. उद्या तू मेलेल्या सिंहावर पाय ठेवून फोटो टाकलास, की हे वाक्य मी कुठल्या तोंडाने उच्चारू?

इथे कुणी म्हणेल, श्रीमंत गोरा शिकारी चालतो, मुसलमान शिकारी दिसला की बोंब. तसे होतेही. 1998 च्या काळवीट प्रकरणात 2018 साली जोधपूरच्या न्यायालयाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा आमच्या गल्लीतली पोरे “भाईला मुसलमान म्हणून अडकवले” म्हणत होती. खटल्याचे अपील न्यायालये पाहतील. पण त्या पोरांपैकी एकानेही काळवीट कशासाठी मेले असे विचारले नाही, हे मला लागले. काळवीट बिश्नोईंचे आणि भाई आपला, अशी वाटणी आपण कधी केली? विनाकारण मारलेली चिमणी कयामतच्या दिवशी मारणाऱ्याविरुद्ध तक्रार करील, अशा अर्थाची हदीस नसाईंच्या संग्रहात आहे. तिथे चिमणीला कुणी जात-धर्म विचारणार नाही.

तर, नामिबिया की साउथ आफ्रिका? माझे उत्तर: दोन्ही नाही. ताडोबाला जा, जीपमध्ये बस, वाघ दिसला तर सुब्हानल्लाह म्हण आणि नाही दिसला तर घरी ये. पैसा जास्तच झाला असेल तर 2009 च्या मानव विकास अहवालात मुंबईत शेवटचा आलेला आपला एम-पूर्व वॉर्ड अजून इथेच आहे. सिंहाच्या भावात किती मुलांची फी होते, तो आकडा मी तुला काढून देतो. मला त्या यादीचा हिशेब जमतो.

बुरा मानू नकोस. विचारलेस म्हणून सांगितले. पुढच्या रविवारी ये, चहा तयार आहे. ते पत्रक मात्र आणू नकोस.