एकच हेलिकॉप्टर, दोन गणवेश

१९९९ च्या उन्हाळ्यात कारगिलच्या डोंगरांवर चीता हेलिकॉप्टर उडवणाऱ्यांत हवाई दलाच्या दोन तरुण स्त्रिया होत्या : गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन. जखमी जवानांना खाली आणणे, पुढच्या चौक्यांना रसद पोचवणे, शत्रूच्या जागा हेरणे, अशी ती कामे. चीता हे एका इंजिनाचे हलके यंत्र. त्या मोहिमेत त्याच्यावर शस्त्र नव्हते. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि आतील चौघेही हुतात्मा झाले. त्या युद्धाच्या आकाशात या दोघी उडत होत्या.

हे सर्वांना ठाऊक आहे. त्यावर चित्रपटही निघाला. मला त्यापुढचे सांगायचे आहे.

हेच चीता हेलिकॉप्टर, याच दऱ्याखोऱ्यांत, लष्कराचे आर्मी एव्हिएशन कोअरही उडवते. परंतु तेथे स्त्रीला वैमानिक होता येत नव्हते. ती जमिनीवरून उड्डाणांचे नियंत्रण करू शकत होती, जमिनीवरची इतर कामे करू शकत होती. कॉकपिटमध्ये मात्र प्रवेश नाही. लष्कराने हे दार २०२१ साली उघडले आणि २५ मे २०२२ रोजी नाशिकच्या प्रशिक्षण केंद्रात कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. म्हणजे कारगिलनंतर तेवीस वर्षे. या तेवीस वर्षांत डोंगरांची उंची कमी झाली नाही, हवा दाट झाली नाही, स्त्रीचे शरीरही बदलले नाही. निळ्या गणवेशातल्या स्त्रीला जे युद्धात जमले, ते हिरव्या गणवेशातल्या स्त्रीला शांततेतही जमणार नाही, असे मानण्यास आधार कोणता होता? आयुष्याची तीन दशके सरकारी नस्त्यांत घालवल्यावर माझे उत्तर असे : आधार नव्हता, फक्त कोणी टिपण लिहिले नव्हते. ज्या प्रस्तावाला नकाराचे कारण सापडत नाही, त्यावर आम्ही मंडळी 'सर्वंकष अभ्यासाची आवश्यकता आहे' असे लिहितो. अभ्यास कधी होत नाही, हा भाग निराळा.

कारण पुढे करावेच लागले तेव्हा ते कसे निघाले, हे न्यायालयाच्या दप्तरी आहे. स्त्री अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन द्यावे, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने १२ मार्च २०१० रोजी दिला. लष्कराच्या बाबतीत सरकार अपिलात गेले आणि अंमलबजावणीस स्थगिती नसतानाही दहा वर्षे निकाल बासनात राहिला. सर्वोच्च न्यायालयात सरकारने शारीरिक मर्यादा आणि मातृत्व पुढे केले. शिवाय खेड्यांतून आलेले जवान स्त्रीचे नेतृत्व स्वीकारायला मनाने तयार नाहीत, असेही म्हटले. जवानांना तयार करणे हेच तर नेतृत्वाचे काम! १७ फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने हा युक्तिवाद नाकारला.

चित्रपटाच्या वादात हवाई दलाने आपली प्रतिमा मलिन केल्याचा आक्षेप घेतला. खुद्द गुंजन सक्सेना यांनी दलात आपल्याला भेदभाव सोसावा लागला नाही, असे २०२० मध्येच दिल्ली उच्च न्यायालयास प्रतिज्ञापत्राद्वारे कळवले. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवतो. म्हणूनच माझा रोख कोणा उर्मट अधिकाऱ्यावर नाही, नियमावर आहे. चित्रपटाला खलनायक लागतो. प्रशासनात त्याची गरज पडत नाही.

नियम असा होता की पुरुषाला खडकवासल्याच्या एनडीएतून कायम सेवेत जाता येई, स्त्रीला केवळ शॉर्ट सर्व्हिस कमिशन. निवृत्तिवेतनाला वीस वर्षे सेवा लागते. ही सेवा फार तर चौदा वर्षांची. वजाबाकी कोणालाही येते. गुंजन सक्सेना १९९६ मध्ये रुजू झाल्या, २००४ मध्ये बाहेर पडल्या. आठ वर्षे, त्यांत एक युद्ध. मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून मला अन्यायाइतकीच उधळपट्टी खुपते. वैमानिक घडवण्याचा खर्च आरंभी होतो, त्याचे फळ पुढे अनुभवातून मिळते. अन् आपण कष्टाने घडवलेल्या वैमानिकांना तिशीच्या आसपास निरोप देऊन मोकळे झालो! एखाद्या सार्वजनिक उपक्रमाने अशी यंत्रसामग्री मोडीत काढली असती तर लेखापरीक्षकांनी परिच्छेदच लिहिला असता.

एनडीएत मुली २०२२ साली आल्या. पहिल्या सतराजणी मे २०२५ मध्ये बाहेर पडल्या. त्यांचा मार्ग मोकळा आहे. मागच्यांचे काय? डिसेंबर २००६ ते डिसेंबर २००९ या काळात सेवामुक्त झालेल्या हवाई दलाच्या ३२ स्त्री अधिकारी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्यांची वीस वर्षांची सेवा झाली असे मानून निवृत्तिवेतनाचा विचार करण्याचा आदेश झाला. पुन्हा गणवेश चढवणे मात्र आता शक्य नाही, असेही न्यायालयाला म्हणावे लागले. २००४ मध्ये गेलेल्या स्त्रिया तर या तारखांच्याही बाहेर पडतात. त्यांच्यासाठी कोणी स्वतःहून टिपण लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही.