कोतवालाच्या वहाणा

एलटीसी घेऊन उज्जैनला गेलो होतो. महाकालाचं दर्शन आटोपलं की तिथला रिक्षावाला तुम्हाला न विचारताच भैरवगढची वाट धरतो. क्षिप्रेकाठचा हा भाग छापाच्या कापडासाठी आणि काळभैरवासाठी प्रसिद्ध. देवाला दारूचा नैवेद्य. पुजारी बशी ओठांना लावतो आणि बघता बघता ती रिकामी होते. देवाच्या पगडीचं नातं लोक महादजी शिंद्यांशी जोडतात, त्यामुळे मराठी माणसाला तिथे उगाचच घरच्यासारखं वाटतं. हा काळभैरव म्हणजे महाकालाचा सेनापती, नगराचा कोतवाल. आजच्या भाषेत शहराचा पोलीस प्रमुखच म्हणा ना!

त्याच भैरवगढात मध्यवर्ती तुरुंग आहे. २०२३ च्या मार्चमध्ये त्याचं नाव पेपरांत झळकलं, ते कैदी पळाल्यामुळे नव्हे. तुरुंगातल्या साठाहून अधिक कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीतून १३ कोटींहून अधिक रक्कम परस्पर काढली गेल्याचं उघडकीला आलं. लेखा विभागात काम करणाऱ्यावर आरोप झाले आणि खुद्द तुरुंग अधीक्षकांनाही अटक झाली. दोषी कोण ते न्यायालय ठरवील. मला त्यातली दुसरीच गोष्ट छळते. ज्यांच्या खात्यातून पैसे गेले ते रात्रपाळी करणारे शिपाई होते. मुलीच्या लग्नाला, घराच्या छपराला म्हणून पगारातून कापून ठेवलेले पैसे. चोरांवर पहारा करता करता त्यांचंच घर धुऊन निघालं.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे परवा टेबलावर आलेलं एक परिपत्रक. पोलीस, तुरुंग, अग्निशमन अशा खात्यांतल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी तीन दिवसांची नेतृत्वविकास कार्यशाळा. स्थळ अर्थातच वातानुकूलित. विषय वाचून माझी तर छाती दडपली: दूरदृष्टी, संघबांधणी, भावनिक बुद्धिमत्ता, बदलाचं व्यवस्थापन. मी कला शाखेचा पदवीधर, शब्दांवर माझं प्रेम आहे. पण इतके गुळगुळीत शब्द एका कागदावर दिसले की मला संशय येतो.

आता कोणी म्हणेल, या कारकुंड्याला काय कळतं त्यातलं? कबूल. पण साहेबांचं नेतृत्व कारकुनाइतकं जवळून कोण बघतो? साहेब सही करतात तेव्हा कागद पुढे धरणारा मीच असतो. नोकरीच्या सुरुवातीला एका कार्यालयात (नाव नको) मी पाहिलंय, बिलं मंजूर करायचा साहेबांचा पासवर्ड हेडक्लार्कच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहिलेला असायचा. साहेब दौऱ्यावर, बैठकीत नाहीतर प्रशिक्षणाला. ‘तुमीच करात रे’ म्हणायचे. सगळे त्याला विश्वास म्हणायचे. तिथे काही बिघडलं नाही ते हेडक्लार्क सज्जन होता म्हणून. सरकारी पैसा त्या कार्यालयप्रमुखाच्या नावाने निघतो, त्याच्या सहीने निघतो. ती सही कशावर झाली हे महिन्यातून एकदा बसून बघणं, यापेक्षा मोठं नेतृत्व मला तरी ठाऊक नाही. पण त्यावर कार्यशाळा नसते, कारण त्यात टाळ्या नसतात.

प्रशिक्षणच नको असं मी म्हणत नाही. न्यायमूर्ती मुल्ला समितीने १९८३ मध्ये तुरुंग सुधारणेच्या शिफारशी केल्या, त्यांत तुरुंग कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणावर भर होताच. येरवड्याला तुरुंगाधिकाऱ्यांचं महाविद्यालय आहे, नाशिकला पोलीस अकादमी आहे, आपल्या वाळपईला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे. कायदा, पंचनामा, शस्त्र, हिशेब या गोष्टी शिकवाव्याच लागतात. आयपीएस अधिकाऱ्यांना हैदराबादच्या अकादमीत नोकरीच्या मधल्या टप्प्यांवरही पुन्हा वर्गात बसवतात, तेही योग्यच. माझा आक्षेप आहे तो या समजुतीला, की नेतृत्व हा सुटा विषय आहे आणि तो वरच्या माणसाला तीन दिवसांत पाजता येतो. काळभैरवाच्या बशीसारखं! बशी रिकामी होते हे सगळ्यांना दिसतं, आत काय गेलं ते कोणालाच कळत नाही.

आणि पाजलं तरी ते टिकायला माणूस जागेवर हवा ना? प्रकाश सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी निकाल दिला. पोलीस महासंचालकापासून ठाणेदारापर्यंतच्या महत्त्वाच्या पदांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ द्या, असं त्यात स्पष्ट सांगितलं. सरकारांनी त्यातून किती पळवाटा काढल्या ते सर्वश्रुत आहे. आमच्या गोव्यात तर वरचे अधिकारी अरुणाचल, मिझोराम, दिल्ली यांच्याबरोबरच्या सामाईक केडरमधून येतात. गावांची नावं नीट म्हणता येईपर्यंत बदलीचा हुकूम हजर. आमच्या वाड्यावर एक निवृत्त हवालदार आहेत, त्यांना मी या कार्यशाळेबद्दल सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “सायब येतात आनी वतात, आमी हांगाच.” नेतृत्वावरचं याहून नेमकं व्याख्यान मी ऐकलेलं नाही.

आपल्या मराठी मुलखात या विषयाचा एक खराखुरा धडा घडलेला आहे. औंध संस्थानात, आटपाडीजवळ, १९३९ मध्ये स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत उभी राहिली. जन्मठेपेचे कैदी भिंतीशिवाय ठेवायचे, त्यांनी शेती करायची, बायकामुलांसह राहायचं. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या माणसाची, आणि ती मान्य करायची छाती औंधच्या राजाची. यावरूनच माडगूळकरांना कथा सुचली आणि शांतारामबापूंनी १९५७ मध्ये ‘दो आंखें बारह हाथ’ काढला. त्या सिनेमातला जेलर आठवा. तो कैद्यांबरोबर माळरानावर राहतो, राबतो. कैदी पळाले तर जबाब त्याला द्यायचा आहे, हे त्यांनाही माहीत असतं. जोखीम स्वतःच्या मानेवर घेतली म्हणून त्याचा शब्द चालला.

म्हणून माझी सूचना अगदी कारकुनी आहे. कार्यशाळा घ्यायचीच तर त्या अधिकाऱ्याला तीन दिवस त्याच्याच खात्यात बसवा. पहिला दिवस हिशेबाच्या वह्या आणि स्वतःच्या सह्या बघण्यात. दुसऱ्या रात्री शिपायाबरोबर पूर्ण पाळी. तिसऱ्या दिवशी फक्त ऐकायचं, आणि बोलायचं खालच्यांनी. प्रमाणपत्रही खालच्यांनीच द्यावं. भैरवगढच्या शिपायांना वर्षातून एकदा कोणी वरच्याने ‘खात्यात किती शिल्लक दिसते रे?’ असं विचारलं असतं, तर एवढी रक्कम जाईपर्यंत गोष्ट गेली असती का?

आपल्या लोकांना हे पूर्वीपासून कळत होतं. आपल्याकडे गावाला राखणदार असतो. पेडण्याच्या पलीकडे, वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीच्या वेतोबाला लोक केळी वाहतात आणि भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा वाहतात. श्रद्धा अशी, की देव रात्री गावाची फेरी मारतो आणि त्या वहाणा झिजतात. खरंखोटं देव जाणे. पण राखणदाराची परीक्षा कशी घ्यायची ते आपल्या पूर्वजांनी बरोबर ओळखलं होतं. ते त्याचं तोंड बघून थांबत नसत, वहाणांचे तळ उलटून बघत.

परिपत्रक मी नेहमीप्रमाणे फाईलला लावलं आणि वर पाठवलं. साहेबांचं नाव यादीत आहे. त्या तीन दिवसांत सह्यांचं काय करायचं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही.