मरी म्हणजे पिल्लू

आमच्या घरात दोन आज्या आहेत. एक माझी आई आणि दुसरी सौ.ची आई. पहिली आजी, दुसरी अज्जी. गेल्या जुलैत मी बाजारातून गिरिराज जातीची बारा पिल्ले आणली. अज्जी दारातच आनंदाने म्हणाल्या, ‘‘कोळी मरी!’’ आतून आई ओरडली, ‘‘विहीणबाई, शुभ बोला! पिल्ले घरात आली नाहीत तोच मरी कसली काढता?’’

कानडीत मरी म्हणजे पिल्लू, हे आईला ठाऊक नाही असे नाही. सारा जन्म बेळगावात गेला आहे तिचा. पण कोंबड्यांचा विषय निघाला की तिला मराठीतली मरीच आधी आठवते.

दुर्दैवाने पहिल्याच रात्री तिची भीती खरी ठरली, आणि चूक माझी होती. पुठ्ठ्याच्या खोक्यावर मी नऊ वॅटचा एलईडी दिवा टांगला. उजेड लख्ख, पण ऊब शून्य! बाहेर बेळगावचा पाऊस. सकाळी दोन पिल्ले गारठून मेलेली, उरलेली कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसलेली. लेक त्या दिवशी जेवली नाही. ती मला काही बोलली नाही, तेच जास्त लागले.

अज्जींनी खोक्यात हात घातला आणि म्हणाल्या, ‘‘मरिगोळिगे थंडी आगैति री.’’ मग आम्ही सगळे नव्याने मांडले.

कोपऱ्यात चेंगरून पिल्ले गुदमरतात, म्हणून जुनी चटई गोल वळवून रिंगण केले. खाली दोन इंच भाताचे तूस, त्यावर पहिले तीन दिवस गोणपाट. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय फाकतात आणि अधू होतात. वर साठ वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब. तो नुसत्या वायरीवर न लोंबवता साखळीने पक्का बांधला. तुसावर पडला तर आग लागायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब हवी. पुढे दर आठवड्याला बल्ब थोडा वर घेऊन तीनेक अंश कमी करायची.

थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. दिव्याखाली गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर थंडी. दूर पळून चोच उघडी टाकून धापा टाकू लागली तर उकाडा. सगळीकडे पसरून निवांत दाणे टिपू लागली तर ठीक. म्हणून दिवा मधोमध न ठेवता एका बाजूला ठेवला, ज्याला जे हवे त्याने ते घ्यावे.

पाणी उथळ ताटलीत, त्यात धुतलेले खडे टाकून, म्हणजे पिल्लू बुडत नाही. पहिल्या दिवशी थोडे गूळपाणी. खायला मक्याचा बारीक भरडा, मग पिल्लांचे तयार खाद्य. ओले तूस रोज काढायचे. सातव्या दिवशी पशुवैद्यांकडून मानमोडीची लस डोळ्यात थेंब टाकून घेतली. पिल्लांना हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम लेकीने स्वतःच केला.

एका रात्री वीज गेली. आई म्हणाली, शेगडी पेटवून ठेवू. मी नको म्हटले. बंद खोलीत कोळशाचा धूर माणसालाही जिवावर बेततो. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून रिंगणात ठेवल्या, वर गोधडी टाकली, हवेला फट ठेवली. दोन्ही आज्या पाळीपाळीने बाटल्या बदलत पहाटेपर्यंत जागल्या.

दहाही जगली. महिन्याभरात पिसे फुटली, दिवा काढला. परवा संध्याकाळी परसातून आईची हाक ऐकू आली, ‘‘विहीणबाई, तुमच्या मरी पावसात भिजतायत, आत घ्या बघू!’’

लेकीने माझ्याकडे बघितले आणि हसली.