संदेश पाठवला, पण पोचला का?



आजकाल संस्था, वसतिगृहे, वाचनालये, इतकेच काय लहानसहान दुकानेसुद्धा इंटरनेटवर आपली वेबसाइट काढतात. तिच्यावर ‘संपर्क’ नावाचे पान असते. नाव, ईमेल, मजकूर लिहून बटण दाबले की ‘आपला संदेश मिळाला, धन्यवाद’ अशी ओळ झळकते. समजा, बारावी झालेल्या एका मुलीने वसतिगृहाच्या प्रवेशाची चौकशी केली. ती उत्तराची वाट पाहत बसते आणि इकडे कार्यालयात तिचे पत्र आलेलेच नसते. प्रवेशाची मुदत संपते. मुलगी म्हणते, “यांना आमची पर्वाच नाही.” संस्थेचे लोक म्हणतात, “वेबसाइटवरून कोणी विचारतच नाही.” दोघेही खरेच बोलतात, पण वर्ष वाया जाते ते मुलीचे.

असे का होते? ‘धन्यवाद’ची ओळ एवढेच सांगते की मजकूर वेबसाइटच्या सर्व्हरने घेतला. तिथून तो ईमेल होऊन आपल्या पेटीत पडणे हा पुढचा प्रवास आहे. ईमेल वाहून नेणारी एसएमटीपी ही पद्धत १९८२ साली ठरली. पत्रावरचा प्रेषक खरा की खोटा हे पाहण्याची सोय तिच्यात नव्हती. ठगांचे फावले. मग हळूहळू तीन तपासण्या आल्या. आपल्या डोमेनच्या नावाने कोणत्या सर्व्हरने पत्रे पाठवावीत याची जाहीर यादी म्हणजे एसपीएफ. पत्रावरचा शिक्का म्हणजे डीकेआयएम. वाटेत मजकूर बदलला तर तो जुळत नाही. आणि प्रेषकाचे डोमेन या दोहोंपैकी एकाशीही जुळले नाही, तर पत्राचे काय करावे ही सूचना म्हणजे डीमार्क. याहूने एप्रिल २०१४ मध्ये आपल्या नावाची अशी पत्रे सरळ नाकारा, असे जाहीर केले. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सर्व पाठवणाऱ्यांना एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सक्तीचे केले.

पुष्कळ फॉर्ममध्ये, भरणाऱ्याचाच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून घातलेला असतो. म्हणजे पत्र निघते आपल्या सर्व्हरवरून आणि नाव सांगते याहूचे. तपासणाऱ्याच्या नजरेत ही तोतयेगिरीच! पत्र स्पॅममध्ये पडते किंवा दारातूनच परत जाते.

आता उपाय क्रमाने पाहू.

१) आधी स्पॅमची पेटी उघडा. फॉर्ममधील मजकूर कोणत्या पत्त्यावर जातो तेही पाहा. पुष्कळदा तिथे जुन्या सचिवांचाच पत्ता राहिलेला असतो.

२) ‘प्रेषक’ म्हणून आपल्या डोमेनचा पत्ता घाला. फॉर्म भरणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’ या रकान्यात टाका. उत्तर बरोबर त्यालाच जाईल.

३) सर्व्हरने परस्पर पत्र टाकण्यापेक्षा खऱ्या ईमेल खात्यातून, पासवर्ड देऊन, एसएमटीपीने पाठवावे. त्यासाठी बहुधा ५८७ हा पोर्ट असतो. वर्डप्रेसवर यासाठी तयार प्लगइन मिळतात.

४) डोमेनच्या डीएनएसमध्ये एसपीएफची नोंद एकच हवी. दोन झाल्या तर तपासणीच बाद होते. नवा सर्व्हर जोडायचा तर त्याच नोंदीत जोडा.

५) वेबसाइट एका कंपनीकडे आणि ईमेल दुसरीकडे असेल, तर सर्व्हर कधी कधी पत्र स्वतःच्याच घरात शोधत बसतो. सीपॅनेलमध्ये ‘ईमेल राउटिंग’ हे ‘रिमोट’ करून घ्या.

६) सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आवक नोंद. कोणत्याही कार्यालयात पत्र आले की आधी आवक रजिस्टरला चढते, मग टेबलावर जाते. फॉर्मचेही तसेच हवे. मजकूर वेबसाइटवरच साठला पाहिजे, म्हणजे ईमेल हरवले तरी नोंद शाबूत राहते. वर्डप्रेसवरील ‘कॉन्टॅक्ट फॉर्म ७’ हे प्लगइन स्वतः काही साठवत नाही. त्याच्याच कर्त्याने केलेले ‘फ्लेमिंगो’ हे काम करते.

वेबसाइट बनवणाऱ्याचे पैसे चुकते करण्यापूर्वी त्याच्यासमोर जीमेल आणि याहू अशा दोन पत्त्यांवरून फॉर्म भरून पाहा. पुढे दर महिन्याच्या एक तारखेला हेच करा आणि ते काम एका कार्यकर्त्याच्या नावावर लावा. सर्वांचे काम ते कोणाचेच काम नसते. फॉर्मशेजारी कार्यालयाचा फोन नंबर ठळक छापा. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी सुरू होते. ही तपासणी त्याआधी उरकली, तर दूरच्या गावाहून विचारणाऱ्या मुलीला वेळेत उत्तर मिळेल.