आभाळाआड लपणारे

दुष्काळ पडला की राज्यकर्त्यांना निसर्ग आठवतो. पूर्वी ते वरुणराजाला बोल लावीत. आता हवामानबदलाला लावू लागले आहेत. पृथ्वीची तापमानवाढ खोटी आहे, असे आमचे म्हणणे नाही. ती खरी आहे, म्हणूनच ही सबब चालू देता कामा नये.

शास्त्र काय सांगते? हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धारण करण्याची शक्ती सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. ही तहानलेली हवा जमिनीतील ओल आणि जलाशयातील पाणी अधिक वेगाने शोषून घेते. म्हणजे पाऊस पूर्वीइतकाच झाला, तरी मराठवाड्यातील कोरडवाहू पिकाच्या वाट्याला ओल कमीच येते. शिवाय पावसाची रीतही बिघडते. १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे पुण्यातील शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. चार दिवसांत कोसळलेले पाणी मुरत नाही. ते माती घेऊन वाहून जाते आणि पुढच्या उघडिपीत पेरणी करपते. कोळसा आणि तेल जाळून ज्यांनी संपत्ती जमविली ते वेगळे. झळ मात्र ज्वारी पेरणाऱ्याला, शेतमजुराला आणि हंडा वाहणाऱ्या बाईला.

परंतु उरलेले पाणी कोणी वापरायचे, हे आभाळ ठरवीत नाही. महाराष्ट्रातील पिकाखालील जमिनीपैकी जेमतेम ४-५ टक्के जमिनीवर ऊस आहे. सिंचनाचे निम्म्याहून अधिक पाणी मात्र तोच पितो. २०१६ च्या एप्रिलात लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्याच मराठवाड्यात धरणे आणि विहिरी उपसून ऊस पिकवला जातो, हा काय निसर्गाचा कोप?

दुसरा मार्ग नाही असे नाही. १९७२ च्या दुष्काळातून धडा घेऊन विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगावी पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणशी, भूमिहीनालाही वाटा, उसाला मज्जाव. पाणी थोडे असले तरी न्यायाने वाटता येते, हे त्या माळरानाने सिद्ध केले.

त्याच दुष्काळात कष्टकऱ्यांनी कामाची मागणी लावून धरली, म्हणून १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. तो कोणी दान म्हणून दिला नव्हता. हवा जसजशी तापेल, तसतसे पाणीवाटपातील अन्यायाचे चटके अधिक बसतील. पाण्यावर माणशी हक्क ही मागणी आता गावोगावच्या ग्रामसभांत कार्यकर्त्यांनी उभी केली पाहिजे. टँकरची वाट पाहत बसण्याचे दिवस संपले आहेत.